पोर्तुगीजांचा खोटा बुरूज

टिकेश राहांगडालेच्या दुकानात पुढे मोबाइलची दुरुस्ती चालायची आणि पडद्यामागे पोर्तुगीज घडत होते.

दोन हजार दहा सालची गोष्ट. गोंदियाच्या बाजारात, तांदळाच्या दुकानांच्या गल्लीत ते दुकान होतं. पडद्यामागे एक कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. एकीवर टिकेश बसायचा. तो कामठ्याहून रोज मोटरसायकलनं यायचा. दुसरी खुर्ची नीला गजभियेची. ती एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि दुपारची बॅच सुटली की इकडे यायची.

दोघांना एका जुन्या गेमचं वेड होतं. इतिहासातली एखादी संस्कृती निवडायची, गावं वसवायची, सैन्य उभारायचं आणि शेजाऱ्याशी व्यापार नाहीतर लढाई करायची. जगभरातल्या हौशी लोकांनी इंटरनेटवर गट केला होता. मूळ गेममध्ये नसलेल्या संस्कृती ते स्वतः तयार करून त्यात घालत. नीलाला मराठे हवे होते, पण ते लंडनच्या एका पोरानं आधीच अडवून ठेवले होते. उरले होते पोर्तुगीज.

"आपण कायले पोर्तुगीज करायचे?" टिकेश म्हणाला होता. "समुद्र तरी पाह्यला का आपण दोघांनी?"

"तू रोमन घेऊन खेळतो, तवा रोम पाहून आला होता का?"

काम सुरू झालं.

नीला पुस्तकं वाचायची, नियम ठरवायची, चित्रं काढायची. ते सगळं गेममध्ये हलतं-बोलतं करायचं काम टिकेशचं. पोर्तुगीज म्हणजे मूठभर माणसांचा देश, हे नीलानं पहिल्यांदा पक्कं केलं. म्हणून त्यांचं जमिनीवरचं सैन्य महाग आणि थोडकं. शेती बेताची. पण कुठल्याही किनाऱ्यावर त्यांना वखार टाकता येणार आणि तिथल्या व्यापारात वाटा घेता येणार. आणि सगळ्यांत भारी काम म्हणजे परवाना. दुसऱ्या कुणाचं जहाज समुद्रात उतरलं, तर त्यानं पोर्तुगीजांकडून परवाना घ्यायचा. नाही घेतला, तर ते जहाज माल आणि माणसांसकट धरता येणार. इतिहासात हे खरोखर घडलं होतं. पण ते गेमच्या नियमात कसं बसवायचं, यासाठी नीलानं कितीतरी रविवार डोकं फोडलं होतं.

तयार झालेलं काम दुआर्तकडे जायचं. तो गटाचा प्रमुख, पोर्तुगालचाच राहणारा. त्याची ईमेल साखरेत घोळलेली असायची. "आमच्या भारतातल्या बहिणीला" अशी सुरुवात करायचा.

एका मंगळवारी टिकेश पुढे गिऱ्हाईक करत होता आणि नीला मागे सहज दुसऱ्या एका गटाचं पान चाळत होती. तो गट मोठा होता, श्रीमंत होता, आणि यांच्या गटाशी त्याचं पटत नव्हतं. तिथे लिहिलं होतं : 'आमच्या नव्या खेळात समुद्रावर परवाना लागेल.' खाली नियम. परवाना मोडणाऱ्याचं जहाज किती वेळ धरून ठेवायचं, सोडताना काय घ्यायचं, दोन राजांची मैत्री असेल तर सूट कशी द्यायची, सगळं तिचंच होतं.

तिनं पान बंद केलं. टिकेश चहाचे दोन ग्लास घेऊन आत आला.

"काय झालं? चेहरा काऊन उतरला?"

"काही नाही. डोकं दुखून राहिलं."

ती लवकर घरी गेली. हा परवाना कुणाकुणाला माहीत होता? दुआर्तला, आणि टिकेशला. दुआर्त कशाला देईल? देश त्याचा, गट त्याचा. मग उरला कोण?

एकदा मनात पाल चुकचुकली की जुन्या गोष्टी आपोआप वर येतात. टिकेश तिच्या घरी दोनदा आला होता, दोन्ही वेळा स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. आईनं पुढे केलेला तांब्या त्यानं हातानंच नको म्हणून सारला होता. गजभियांच्या घरचं पाणी पवार जातीच्या पोराला चालत नाही, की आणखी काही कारण होतं, हे नीलानं कधी विचारलं नव्हतं. पण ती बाटली तिच्या लक्षात राहिली होती. मधेमधे तो फोन आला की दुकानाबाहेर जाऊन बोलायचा, तेही आता लक्षात आलं.

तिची आई, अनुसयाबाई, अंगणवाडीत मदतनीस होती. गेम-बिम तिला कळत नव्हतं, पण पोरीचा चेहरा कळत होता.

"आता कोणं नेलं तुझं?" तिनं भाकरी थापता थापता विचारलं.

'आता' म्हणण्याचं कारण होतं. नागपूरच्या कॉलेजात असताना नीलानं प्रदर्शनासाठी काढलेल्या चित्रावर मैत्रिणीनं स्वतःचं नाव घातलं होतं. बक्षीसही तिनंच घेतलं. नीला तक्रार करायला गेली, तर सर म्हणाले होते, "तूच काढलंस कशावरून?"

"अजून पक्कं नाही," नीला म्हणाली.

"मंग पक्कं कर. उगाच कोणाच्या अंगावर नको जाऊ. पण डोळे उघडे ठेव, बाई."

नीलानं डोळे उघडे ठेवले. एवढंच नाही, तिनं एक खोटं रचलं.

"पोर्तुगीजांकडे घंटेचा बुरूज होता," दुसऱ्या दिवशी तिनं टिकेशला सांगितलं. "शत्रू आला की घंटा वाजायची. तिचा आवाज जिथवर जाईल तिथवरचे शेतकरी विळे टाकून भाले उचलायचे. घंटा थांबली की परत शेतात. दुआर्तले सांगू नको सध्या. आधी चालतं करू, मग दाखवू."

असा बुरूज कुठल्या पुस्तकात नव्हता. बसल्या जागी तिनं तो मनानं बांधला होता. त्या दुसऱ्या गटाच्या पानावर घंटा वाजली की चोर सापडला, एवढाच त्याचा उपयोग.

टिकेशचे डोळे चमकले. "सही आहे यार! आपल्याकडे सैन्य कमी, त्याचा इलाजच झाला हा."

आणि तो त्या बुरुजाच्या मागे हात धुऊन लागला. गिऱ्हाइकांचे फोन उघडे पडून राहू लागले. आवाज किती दूर जावा, टेकडी मधे आली तर अडावा का, शेतकऱ्याला भाला उचलायला किती वेळ लागावा, असे प्रश्न तो विचारायचा आणि नीला मनाला येईल ते उत्तर द्यायची. रोज क्लास सुटला की ती ते दुसरं पान उघडून पाहायची. घंटा नव्हती. 'सावध आहे,' ती स्वतःशी म्हणायची. 'एवढ्यात नाही फोडणार.'

एका शनिवारी ती स्टेशनकडून येत होती. समोर चहाच्या टपरीशी टिकेश उभा होता. सोबत एक अनोळखी माणूस, खांद्याला काळी बॅग. टिकेशनं खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि त्याच्या हातात दिला. त्या माणसानं तो बॅगेत टाकला, टिकेशच्या पाठीवर थाप मारली. नीला एका फळगाडीच्या आडोशाला थांबली.

संध्याकाळी तिनं सहज विचारल्यासारखं केलं, "दुपारी कुठं होता?"

"इथंच. कुठं जातो मी?" टिकेश स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

झालं. नीलाच्या लेखी निकाल लागला. त्या दिवसापासून तिनं नवीन काही त्याला दाखवणं बंद केलं. दुआर्त मुख्य जहाजाचं चित्र मागत होता, फार घाईनं मागत होता. नीलानं ते रविवारी घरीच काढलं. जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कोरीव काम हवं होतं. पुस्तकातली चित्रं पुसट होती, म्हणून तिनं तिथे आपल्या धानाच्या बांध्यांतला सारस बसवला, लांब मान मागे वळवलेला, चोच पंखाला टेकलेली. चित्र तिनं टिकेशला न दाखवता थेट दुआर्तला पाठवलं. "भारतातल्या बहिणीचे हात सोन्याचे आहेत," असं त्याचं उत्तर आलं, आणि तिला बरं वाटलं. निदान एक माणूस तरी सरळ होता.

पुढच्या आठवड्यात क्लास सुटल्यावर नेहमीप्रमाणे तिनं ते पान उघडलं. मोठी घोषणा होती : नवे पोर्तुगीज, रचना आणि चित्रं दुआर्तची. तो आपला गट सोडून त्या गटात गेला होता. घोषणेखाली जहाज होतं, आणि जहाजाच्या नाळेवर सारस, मान मागे वळवलेला.

नीला बराच वेळ त्या पक्ष्याकडे पाहत राहिली. तिचं सगळं गेलं होतं, पण तिला वेगळंच आठवत होतं. हे जहाज टिकेशनं पाहिलंच नव्हतं. आणि एवढ्या दिवसांत घंटा कुठंच वाजली नव्हती.

ती दुकानात आली तेव्हा टिकेश तिचीच वाट पाहत होता.

"बस. काही बोलू नको. ऐक फक्त."

स्क्रीनवर समुद्रकाठचं गाव होतं. शेतात माणसं वाकलेली. लांबून शत्रूची तुकडी दिसली आणि घंटा वाजली. खरी, जुनी, किंचित फुटक्या आवाजाची घंटा. जवळचे शेतकरी आधी थबकले, मग लांबचे. आवाज जसजसा पोचत गेला तसतसे विळे पडत गेले. टेकडीपलीकडच्या माणसांना ऐकूच आलं नाही, ते कापणी करत राहिले.

"रेल्वे क्वार्टरकडच्या चर्चमध्ये जाऊन रेकॉर्ड केली," टिकेश म्हणाला. "मोबाइलवर गाड्यांचा आवाज लई येत होता. मंग एक लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करणारा पोरगा भेटला, त्याले पेनड्राइव्हवर देऊन साफ करून घेतली. तुले सरप्राइज द्यायचं होतं, म्हणून बोललो नाही."

तिनं आधी दुआर्तचं सांगितलं. पान उघडून दाखवलं. टिकेश संतापला. "साला! बहीण बहीण करत गळा कापला!" असं म्हणत तो पान खालीवर करू लागला आणि जहाजापाशी थांबला.

"हे कवा काढलं तू?"

"मागच्या रविवारी."

"मले काऊन नाही दाखवलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. विसरले, वेळ नव्हता, काहीही चाललं असतं. पण नीलाला ते जमलं नाही. परवाना आधीच फुटला होता, तेव्हापासूनचं सगळं तिनं सांगितलं. टपरीवरचा पेनड्राइव्ह सांगितला.

पुढून कुणीतरी हाक मारली. टिकेश उठून गेला, एका म्हाताऱ्याच्या फोनची बॅटरी बदलून दिली, पैसे गल्ल्यात टाकले आणि परत येऊन बसला.

"अन् हा बुरूज?" त्यानं विचारलं.

"तो पण."

"तो पण म्हणजे?"

"तसा बुरूज नव्हता कुठं. मी मनानं सांगितला. तू बाहेर फोडतो का, ते पाहायसाठी."

टिकेशनं खुर्ची मागे सरकवली.

"नागपूरले कॉलेजात माझ्यासोबत असं झालं होतं, टिकेश. माझं चित्र एका मैत्रिणीनं..."

"तुझ्या कॉलेजच्या पोरीनं केलं, त्याचा भरणा मी करू?" त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "घरी बाबा रोज विचारते, त्या पोरीसंग पडद्यामागे काय करून राहतो. रोज भांडतो मी. रोज. अन् तू इथं बसून मले तपासून राहिली होती."

"चुकलं माझं."

त्यानं कीबोर्ड ओढला. बुरुजाची फाइल शोधली, तिच्या शेजारची घंटेच्या आवाजाची फाइल शोधली.

"राहू दे ना," नीला घाईनं म्हणाली. "इतका चांगला झाला. इतिहासात नसला तर नसला."

"खोटा आहे ना? मंग कायले ठेवायचा?"

त्यानं दोन्ही पुसून टाकल्या. स्क्रीनवरच्या गावात शत्रू आला तरी माणसं आता वाकून कापणीच करत राहिली.

नीलाला वाटलं, आपली खुर्ची आता इथून उठली. दुसऱ्या दिवशी ती भीत भीत आली, तर खुर्ची जागेवर होती. टिकेश म्हणाला, "बस. आपले पोर्तुगीज आपण टाकू. दुआर्तच्या आधी लोकाईले दिसले पाहिजे."

त्यांनी आपलं वेगळं पान काढलं आणि दोघांच्या नावानं पोर्तुगीज सोडले. दुआर्तला जाब विचारला. त्याचं एकच उत्तर आलं, इतिहास कुणाच्या मालकीचा नसतो. यावेळी बहीण वगैरे नव्हतं. चाहत्यांत थोडे दिवस वाद झाला. काहींनी नीलावर विश्वास ठेवला. बऱ्याच जणांनी विचारलं, कुणी कुणाचं चोरलं कशावरून? एकानं तर लिहिलं, गोंदिया नावाचं गाव तरी खरं आहे का? टिकेशनं त्याला दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवला. कुण्या गोव्याच्या माणसानं मात्र लिहिलं, परवान्याचा नियम उत्तम झाला आहे, माझी तीन जहाजं धरली गेली. ते वाचून दोघंही हसले. पुष्कळ दिवसांनी एकत्र हसले.

पावसाळा संपता संपता त्यांनी पुढची संस्कृती म्हणून जुन्या इथिओपियाचे हबशी घ्यायचं ठरवलं. काम पूर्वीसारखंच चालू झालं. चहा यायचा, वीज जायची, टिकेश पुढे-मागे करायचा. फक्त एक नवीन होतं. नीलानं काहीही सांगितलं, की तो हात थांबवून विचारायचा, "कोणत्या पुस्तकात?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिचा चेहरा पडला. मग ती पुस्तकंच सोबत आणू लागली. आज तिनं सांगितलं, हबशांनी अख्ख्या खडकातून प्रार्थनामंदिरं कोरून काढली होती, जमिनीच्या खाली.

"कोणत्या पुस्तकात?"

तिनं पिशवीतून पुस्तक काढून पान उघडलं. टिकेशनं ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. इंग्रजी त्याला जड जायचं, तरी शेवटपर्यंत वाचलं. मग पुस्तक मिटून त्यानं वरचं नाव पाहिलं, आत कॉलेजच्या ग्रंथालयाचा शिक्का पाहिला, आणि मगच कीबोर्ड पुढे ओढला.