वानचनची बांगडी

शुक्रवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चीनमधल्या तंगछोंगच्या जेडबाजारात चू वानचनच्या डाव्या हातात जेड दगडाची अखंड बांगडी अडकली. बांगडी तिच्यासाठी नव्हती, आणि पैसे अजून द्यायचे होते.

वानचन अठ्ठावन्न वर्षांची, चाओथोंगच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. रविवारी तिच्या मुलाचं लग्न होतं. नवी सून चहाचा पेला पुढे करते तेव्हा सासूने तिच्या मनगटात काहीतरी घालायचं असतं. वानचनच्या सासूने तेहेतीस वर्षांपूर्वी चहा पिऊन पेला परत दिला होता, बस. शाओतानचं, होणाऱ्या सुनेचं, मनगट तसं रिकामं राहणार नाही, हे वानचनने मुलाला मुलगी पसंत पडायच्याही आधी ठरवून टाकलं होतं.

म्हणून ती नऊशे किलोमीटर बसने आली होती. बाजारात बरोबर दोन मैत्रिणी होत्या, दोघी तंगछोंगच्याच. नर्सिंगच्या वसतिगृहात तिघींनी तीन वर्षं एक खोली वाटून घेतली होती. यिन सुलान भाव करण्यात गावाला भारी. पाय मिंगश्या फारशी बोलत नसे, पण समोरच्याला खाऊ घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

सकाळपासून सगळं रीतीने चाललं होतं. फानच्या टपरीवर सुलानने फिकट जांभळी, एका बाजूला हिरवी रेघ तरंगणारी बांगडी निवडली. फानने ती कापडावर ठेवली, मग वानचनने उचलली. जेड हातातून हातात देत नाहीत. पडला तर कुणाच्या हातून पडला यावर दोन घरं आयुष्यभर भांडतात. फानने सहा हजार आठशे युआन सांगितले. पंचवीस मिनिटांत सुलानने त्याला बावन्नशेवर आणलं होतं, आणि पंचेचाळीसशेचा आकडा तिच्या ओठावर होता.

तेवढ्यात वानचन म्हणाली, "मापाला घालून बघते."

"तुझ्या हातात कशाला?" सुलान म्हणाली.

"तिचा नि माझा हात एकच आहे गं. नववर्षाला तिचे हातमोजे मला अगदी बरोबर बसले होते."

फानच्या बायकोने हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली, बांगडी सरकवली आणि पिशवी ओढून काढली. बांगडी आत गेली. मग कोणी ओढली तरी ती अंगठ्याच्या गाठीपुढे येईना.

"हातमोजा लोकरीचा होता ना?" मिंगश्याने हळूच विचारलं. "लोकर ताणली जाते."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सुजलेल्या बोटांतून अंगठ्या काढलेल्या बाईला हात सुजतो हे आठवायला हवं होतं. शिवाय रात्रभर बसमध्ये हातपाय लोंबकळवून बसणं होतं, आल्या आल्या मिंगश्याने वाढलेलं खारवलेलं डुकराचं मांस, लोणचं आणि तांदळाच्या शेवयांचे दोन वाडगे होते; एवढं मीठ अंगात पाणी धरतंच.

"मी 'अजून घे' म्हटलं," मिंगश्या म्हणाली, "पण तू 'पुरे' म्हणाली नाहीस."

फानने खुर्ची सरकवून दिली आणि चहा ओतला. त्याचा चेहरा एकदम शांत झाला होता. सुलानने तो ओळखला: सौदा जिंकलेल्या दुकानदाराचा.

"हे बघ फानभाऊ, पंचेचाळीसशेचं बोलत होतो आपण."

"ताई, पंचेचाळीसशेचं तुम्ही बोलत होतात. मी बावन्नशेवर होतो."

"बाईचा हात आत अडकलाय! ही खंडणी झाली."

"मी भाव वाढवला का? बोललेला शब्द मी वर नेत नाही. फक्त खाली आणायचं कारणही आता दिसत नाही."

फानची बायको वानचनचं मनगट फिरवून बघत म्हणाली, "मावशी, जेड माणूस निवडतो. ह्याने तुम्हाला निवडलंय."

"त्याला सांगा, मी चुकीची आहे," वानचन म्हणाली. "रविवारी बरोबर माणूस दाखवते."

पिशवी पुन्हा चढवून झाली, भांडी घासायचा साबण लावून झाला, थंड पाणी ओतून झालं, मिंगश्याच्या पिशवीतलं हाताचं मलमही चोपडलं. अकरा वाजता फानने कोपऱ्यातल्या दगड कापायच्या चक्रीकडे बोट दाखवलं. दोन मिनिटांचं काम. बांगडीचे तुकडे ताईंचे, बावन्नशे भरायचे तेही ताईंनीच.

वानचनने पाकीट उघडलं. पैसे एका बांगडीचे होते, दुसरीचे नव्हते. तिने बावन्नशे मोजून कापडावर ठेवले.

"कापू नका," ती म्हणाली. "सूज उतरली की निघेल. हात काळजाच्या वर धरून ठेवायचा. शिकवलेलं विसरले नाही अजून."

तेव्हापासून ती बाजारातून डावा हात वर करून चालू लागली. कच्चे दगड विकणाऱ्या म्हाताऱ्याला वाटलं, हिने भाव मान्य केला, आणि त्याने दगड बांधायलाही घेतला. कोपऱ्यावर एकामागून एक तीन टॅक्सी थांबल्या. एका शाळेची सहल समोरून गेली, सगळ्या मुलांनी एकदम हात हलवला.

"चौथी टॅक्सी आली की बस तिच्यात," सुलान म्हणाली. "नाहीतर सातशे युआन गेले म्हणून रडायला मी इथेच बसते."

"तुझे गेले का?"

"भाव माझा होता! पंचवीस मिनिटं घसा फोडला मी."

वानचनला हसू आवरेना. हसताना हात खाली आला, तर मिंगश्याने तो दंडाला धरून पुन्हा वर केला, आणि दुसऱ्या हातात उकडलेला मका दिला. तो बिनमिठाचा होता.

चार वाजता बांगडी गाठीपर्यंत आली आणि थांबली. सहा वाजताही तिथेच होती. लपवण्यात अर्थ उरला नव्हता. वानचनने शाओतानला फोन लावला आणि तापमानाच्या नोंदी वाचाव्यात तसं सगळं वेळेसकट सांगितलं. पलीकडून आलं ते हसणं होतं.

"आई, ओढू नका. गाठ सुजेल."

शाओतानने तिला आई म्हटलं, ते हे पहिल्यांदा, तेही लग्नाआधी. वानचन ते ऐकून न ऐकल्यासारखं करत म्हणाली, "मग चहाच्या वेळी मी काय देऊ? रिकामा पेला?"

"मी चहा देते, तुम्ही हात द्या. सगळ्यांसमोर मीच काढीन. निघाली तर माझी."

"आणि नाही निघाली तर?"

"मग सूनच अडकली असं समजा."

सुलान फोनच्या जवळ तोंड नेऊन ओरडली, "पोरी, तू भाव कर गं उद्यापासून! माझ्याच्याने होत नाही."

रात्रभर उशीवर उंच ठेवलेला हात पहाटे सगळ्यात बारीक होतो म्हणून शनिवारी तिघींनी साडेपाच वाजता पुन्हा प्रयत्न केला. बांगडी गाठीवर अर्धी चढली. मिंगश्याने मलमाची नळी वानचनच्या पिशवीत टाकली, वर बिनमिठाचे सहा उकडलेले मके ठेवले. सातची बस सात वाजून दहा मिनिटांनी सुटली.

दुपारी अडीच वाजता वाटेतल्या खुनमिंगहून मैत्रिणींना वानचनचा संदेश आला: मके संपले, पुढची गाडी वेळेवर, बांगडी हातात. शाओतानने उद्या बांगडी सरकवायला घरी तिळाचं तेल आणून ठेवलंय.