तीन महिन्यांची नळी

"पोपट भाडळे? टँकरवाला? त्यो तर आठ दिस झालं अंथरुणाला खिळलाय," वाघोलीच्या फाट्यावरचा पंक्चरवाला म्हणाला. कचरूभाऊंनी पत्ता नीट ऐकूनही घेतला नाही. नव्या इमारतींच्या मागे पत्र्याच्या खोल्या दिसत होत्या, तिकडे ते भर उन्हात चालू लागले.

कचरू ओव्हाळ पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, स्वादुपिंड आणि पित्तमार्गाच्या विभागात नोंदणीच्या टेबलावर बसत. लागले होते वॉर्डबॉय म्हणून. डॉक्टर श्यामसुंदरांनी त्यांना टेबलावर आणलं. पित्ताच्या वाटेत खडा अडकून माणूस पिवळा पडला, की डॉक्टर दुर्बिणीतून आत प्लॅस्टिकची नळी बसवत. पित्त वाहतं होई, माणूस चार दिवसांत हसत घरी जाई. पण तीन महिन्यांत ती नळी काढावीच लागे.

"ही पाहुणी आहे, कचरू," डॉक्टर म्हणाले होते. "मुक्काम वाढला की घात करते."

म्हणून कचरूभाऊंनी एक वही सुरू केली. नळी बसवलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, तारीख, फोन. फोन बहुधा शेजाऱ्याचा नाहीतर मेव्हण्याचा असे. दिवस भरत आले की ते फोन लावत. ताप येतो का, अंगाला खाज सुटते का, लघवी पिवळी होते का, आणि मग, "कधी येताय?" लोक टाळाटाळ करत. कचरूभाऊ पिच्छा सोडत नसत. सिस्टर लोक त्यांना 'नळ्यांचे मामंजी' म्हणत.

फेब्रुवारीत विभागात कॉम्प्युटरची नवी सिस्टिम आली. ती बसवायला हिंजवडीहून आलेला अनिरुद्ध मोठा अदबशीर होता. "काका, तारीख आली की मेसेज आपोआप जातो. ही हिरवी खूण दिसली की समजायचं, पोचला. तुम्ही रिलॅक्स."

प्रशासनाच्या हेमा मॅडमनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "आता वही बंद, कचरू. फोनही बंद. आपण काय पोस्ट ऑफिस चालवत नाही."

खरं सांगायचं तर कचरूभाऊंना हलकं वाटलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुपारचा डबा गरम असताना खायला मिळत होता. वही खणात गेली ती गेलीच. काल पेन शोधताना हाताला लागली म्हणून उघडली. पोपट भाडळे, वाघोली. नळी जानेवारीत बसवलेली. आता मे संपत आला होता. कॉम्प्युटरवर त्याच्या नावापुढे तीन हिरव्या खुणा होत्या. पोपट मात्र आला नव्हता. दिवसभर त्याचा फोन लागला नाही. आज गुरुवार, त्यांच्या सुट्टीचा दिवस. कोणाला न सांगता त्यांनी बस धरली होती.

दार पोपटच्या बायकोनं, नंदानं उघडलं. हॉस्पिटलातून आलोय म्हटल्यावर ती बाजूला झाली. पत्रा तापून आत भट्टी झाली होती, आणि त्या भट्टीत पोपट दोन गोधड्या पांघरून कुडकुडत होता.

"सांजच्याला हुडहुडी भरती. मलेरिया हाय म्हणत्यात हितलं डाक्टर. सुया चालू हायेत," नंदा म्हणाली.

कचरूभाऊंनी वाकून त्याची पापणी वर केली. डोळा हळदीत बुडवून काढावा तसा.

"पोपटराव, हॉस्पिटलचे मेसेज आले नाहीत?"

"फोन टँकरवर ऱ्हातो, मालकाकडं," नंदाच बोलली. "इंग्रजीत कायबाय येतं रोज. जाहिराती म्हणून कोन बघतंय?"

"दुखत नव्हतं की, सायेब," पोपट पुटपुटला. "बरं वाटत हुतं. अन् उन्हाळ्यात टँकरला सुट्टी कुठली?"

त्याला लगेच हॉस्पिटलात हलवायला हवं होतं, पण रिक्षा मिळेना. बाहेर पोपटच्या जोडीदाराचा, मच्छिंद्रचा टँकर एका सोसायटीसाठी भरून उभा होता. "भरलेला टँकर पळायचा न्हाई," मच्छिंद्र म्हणाला, आणि त्यानं मागचा व्हॉल्व्ह उघडला. रस्त्यावर पाणी धो धो सुटलं. खोल्याखोल्यांतून बायका हंडे घेऊन धावल्या. एरवी तिथं भांडणं झाली असती. आज पोपटला उचलून आणताना पाहून सगळ्या वाट देत बाजूला सरल्या.

नगर रस्ता तुंबलेला. केबिनमध्ये पोपटचे दात कचरूभाऊंच्या खांद्याशी वाजत होते. ते त्याला पुन्हा पुन्हा नाव विचारत राहिले. खराडीला त्यानं नाव नीट सांगितलं. येरवडा आला तेव्हा तो स्वतःचं म्हणून बापाचं नाव सांगत होता.

डॉक्टर श्यामसुंदरांनी तासाभरात नळी बदलली. बाहेर आल्यावर ते हातमोजे काढत म्हणाले, "पित्त नाहीच, नुसता पू. रक्तात गेलंय, कचरू."

चौथ्या दिवशी दुपारी पोपट गेला.

संध्याकाळी हेमा मॅडमनी स्क्रीन कचरूभाऊंकडे वळवला. "तीनदा मेसेज गेलाय. आपली काही चूक नाही. तुम्ही परस्पर गेलात, त्याचं मात्र उत्तर द्यावं लागेल."

"चूक आहे, मॅडम."

"कोणाची?"

"माझी. तीन महिने मी वही उघडली नाही." ते उठले. "वहीत नळी न काढलेले अजून एकोणीस जण आहेत."

टेबलाशी येऊन त्यांनी वही उघडली आणि फोन जवळ ओढला. कोणी अडवलं नाही. पहिले दोन नंबर अस्तित्वात नव्हते. तिसरा लावून ते रिंग ऐकत असताना समोर नंदा येऊन उभी राहिली. हातात हॉस्पिटलचे कागद.

"ती नळी बघायची हाय मला," ती म्हणाली.

रिसिव्हर तसाच टेबलावर ठेवून कचरूभाऊ आत गेले. तपासणीसाठी ठेवलेली बाटली त्यांनी आणून तिच्या हातात दिली. नंदानं ती खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी बोटभर लांबीचा, काडीएवढा काळपट तुकडा पडला होता.

"एवढीशी?"



 तिनं बाटली दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, सांडू नये अशी. रिसिव्हरमधून कोणीतरी हॅलो, हॅलो करत होतं.

"बोला त्यांच्याशी," नंदा म्हणाली, आणि कागद पदराखाली घेऊन निघाली.