मागायला उशीर

पेडण्याच्या कचेरीतला कारकून सुधीर. त्याचा रक्ताचा कॅन्सर परत आला, तेव्हा बेळगावच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, सुमंगलाला, समजावून सांगितलं, "आधी केमोने कॅन्सर खाली आणू. तो खाली आहे तोवरच भावाच्या रक्तातल्या लढाऊ पेशी द्यायच्या. मागे मूळपेशी त्यांच्याच घेतल्या होत्या ना? बोलवा त्यांना."

"बोलावते," ती म्हणाली. आणि बोलावलं नाही.

धाकटा दीर देवेश पाळीला खाणीवर ट्रक चालवायचा. मूळपेशी त्याने हूं की चूं न करता दिल्या होत्या. पुढे त्याने घर बांधलं आणि वास्तुशांतीचं आमंत्रण घेऊन तो आला, तेव्हा सुमंगला शेजारणींदेखत म्हणाली, "तुमच्या पाळीच्या धुळीत यांना मारायला नेऊ का?" धुळीची भीती खरी होती, डॉक्टरांनीच घातलेली. पण बोलायची ती रीत नव्हती. देवेश चहा तसाच ठेवून उठला, तो पुन्हा घराची पायरी चढला नाही.

आता कुठल्या तोंडाने मागायचं? केमोनेच भागेल, अशी तिने मनाची समजूत घातली. सुधीरने विचारलं की सांगायची, "भावोजींना रजा मिळत नाही." रक्त सुधारलं, तेव्हा तर तिला वाटलं, सुटलो. पुढच्या तपासणीत कॅन्सर पुन्हा उसळला होता.

मग ती बसने पाळीला गेली. देवेश ट्रक धूत होता. तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आतच त्याने पाइप खाली टाकला.

"वयनी, माका एक फोन करूंक जालो ना?" एवढंच म्हणून तो कपडे बदलायला आत गेला.

पेशी दिल्या. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी झालं असतं तर बरं होतं. तरी खात्री तेव्हाही देता आली नसती."

सुधीर खाटेवरून भावाला म्हणाला, "मिळाली रे एकदाची रजा?"

देवेशने सुमंगलाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"हय दादा. सायब सोडीनासलो. चुकलां माजां."

"कामं असतात रे," सुधीर म्हणाला.

खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं. त्या दिवशी तिने ते सांगितलं नाही, नंतरही नाही. शिगम्याआधीच सुधीर गेला. बाराव्याला माणसं कुजबुजत होती, भावासाठी याला साधी रजा काढता आली नाही. देवेश ऐकत होता आणि पंगतीत भात वाढत होता. सांगून टाकावं म्हणून सुमंगला दारापर्यंत आली, आणि तिथेच उभी राहिली.