नको म्हटलं तरी

लोटन पाटील तीस वर्षं मास्तर होते, शेवटची नऊ वर्षं हेडमास्तर. तापीकाठच्या त्यांच्या गावात अजूनही निम्मे लोक त्यांना पाहिलं की विडी विझवत. घरीही तसंच. रंजनाबाईंनी लग्नाच्या अडतीस वर्षांत नवऱ्याचा शब्द कधी मोडला नव्हता. मोडावा असं त्यांच्या मनात आलं नव्हतं, असं नाही.

मास्तरांना तीन वर्षांपासून इन्सुलिन सुरू होतं. गेल्या पोळ्याला शेतात त्यांना चक्कर आली, साखर एकदम उतरली होती. शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, "घरच्यांना, शेजाऱ्यांना शिकवून ठेवा. त्या वेळी तुम्हाला स्वतःला काही कळणार नाही."

शिकवायचं म्हटल्यावर मास्तर खूश. त्यांनी बायकोला, मुलगा हेमकांतला, सून चेतनाला आणि शेजारच्या नवलसिंगला ओट्यावर बसवलं. नवलसिंग त्यांचा जुना विद्यार्थी, आता पन्नाशीचा.

"घाम, हात थरथरणं, येड्यासारखं बोलणं. हे दिसलं की काय करायचं?"

"अर्धा पेला पाणी, तीन चमचे साखर," रंजनाबाई म्हणाल्या.

"मग?"

"पंधरा मिनिटं थांबायचं. फरक नाही पडला तर पुन्हा."

"आन् मी बेशुद्ध पडनू ते?"

"तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं. एकशे आठला फोन."

"शाब्बास. आन् ध्यान दी आयका. मी नको म्हणसू, शिव्या दिसू. तरी आयकानं नई. समजनं?"

सगळे हसले. मास्तर शिव्या देणार, ही कल्पनाच गमतीची होती.

माघात केळीची कटाई होती. व्यापाऱ्याची गाडी उशिरा आली. मास्तर सकाळी इन्सुलिन घेऊन, चहा आणि दोन खारी खाऊन शेतात गेले, ते एक वाजता परतले. हेमकांत पुरुषोत्तमनगरला कामावर होता, चेतना माहेरी खांडबाऱ्याला. रंजनाबाईंनी ताट वाढून आणलं, तर मास्तर खाटेवर बसून सदऱ्याची बटणं लावत होते. वरचं बटण खालच्या काजात. काढत, पुन्हा तसंच लावत. मानेवरून घाम ओघळत होता, आणि बाहेर हवा गार होती.

रंजनाबाईंना लगेच कळलं. पेल्यात साखर ढवळताना त्यांचा हात जराही चुकला नाही.

"हे पी ल्या."

"काय शे?"

"साखरेचं पाणी. घाम येतोय तुम्हाला."

"माले काय व्हयनं? येडी व्हयनी का तू?"

रंजनाबाईंनी पेला त्यांच्या ओठांजवळ नेला. मास्तरांनी तो हाताने उडवला. भिंतीवर पाणी उडालं. अडतीस वर्षांत त्यांनी बायकोवर हात उगारला नव्हता. रंजनाबाई दोन पावलं मागे झाल्या आणि हाका मारू लागल्या, "नवल! नवलभाऊ!"

नवलसिंग धावत आला. तोवर दुसरा पेला तयार होता. त्याने तो हातात घेतला, पुढे झाला.

"सर, जरासं पी ल्या ना."

मास्तरांनी मान वर केली. डोळे कुठेतरी पलीकडेच होते, पण आवाज वर्गातला. "नवल, बठ तठे."

आणि नवलसिंग बसला. पेला हातात धरून, समोरच्या पाटावर.

"उठ ना भाऊ, धर ना त्यांना," रंजनाबाई म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही धरा. मी पाजतो."

रंजनाबाईंनी हात पुढे केला. मास्तर गुरकावले. हात आपोआप मागे आला. फोन लावला तर हेमकांत ओरडला, "माय, जबरदस्तीनी पाज! हात धरा त्यासना!"

"ते नको म्हनी ऱ्हायनात रे!"

"म्हणू दे! मी निंघनू. एकशे आठले मीच फोन करस."

फोन ठेवून त्या वळल्या. मास्तर उभे राहिले होते, दाराकडे निघाले होते. "शाळाले उशीर व्हई ऱ्हायना," म्हणाले, आणि उंबऱ्याशी कोसळले. हातपाय झटके देऊ लागले. दातखीळ बसली.

नवलसिंग आता पेला घेऊन धावला. रंजनाबाईंनीच त्याचा हात धरला. "नको. आता नको. श्वासात जाईल."

त्यांनी नवऱ्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदराची घडी सरकवली. पुढे काय करायचं ते त्यांना माहीत होतं: काहीच नाही. झटके थांबले, पण डोळे उघडले नाहीत. पेला हाताशी होता. आता तो उडवायलाही कोणी नव्हतं. दारात माणसं जमली, कोणी कांदा आणला, कोणी चप्पल. रंजनाबाई सगळ्यांना मानेनेच नाही म्हणत राहिल्या. बाहेरच्या माणसांना नाही म्हणणं त्यांना जमत होतं.

एकशे आठची गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर मास्तरांनी डोळे उघडले, पण बायकोला ओळखायला संध्याकाळ झाली.

पाच दिवसांनी ते घरी आले. त्या दुपारचं त्यांना काही आठवत नव्हतं. बोलताना मध्येच शब्द सापडत नसे. नवलसिंग दवाखान्यात एकदा येऊन गेला, घरी आला नाही.

हेमकांत स्वयंपाकघरात आईला हळू आवाजात म्हणाला, "दोन माणसं होती तुम्ही. एका म्हाताऱ्याला धरता आलं नाही?"

रंजनाबाई पीठ मळत राहिल्या. नाही आलं.

आता मास्तर दुपारी झोपले की त्या खाटेशी बसतात. थोड्या थोड्या वेळाने कपाळाला हात लावून घाम पाहतात.

"काय शे?" मास्तर डोळे न उघडता खेकसतात.

"काही नई," रंजनाबाई म्हणतात, आणि हात काढून घेतात.