बंद वर्षाची परीक्षा

छापखान्यात त्यांना सगळे ‘अनुस्वारबाई’ म्हणत. राहिलेला अनुस्वार त्यांना पानाच्या मागच्या बाजूनेही दिसतो, अशी त्यांची ख्याती होती. राष्ट्रीय विद्यापीठाच्या छापखान्यात त्या एकतीस वर्षं प्रुफं तपासत होत्या. देशभरातल्या नऊ शाखांचं जे काही छापायचं, ते आधी त्यांच्या नजरेखालून जायचं. त्यांच्या सहीशिवाय पान मशीनवर चढवायचं नाही, असा नियमच होता.

विद्यापीठाला पंचाहत्तर वर्षं होत होती. कुलसचिवांनी जातीने लक्ष घालून इतिहासाचा जाडजूड ग्रंथ लिहून घेतला होता. बाई तो मन लावून वाचत होत्या. घोड्यांच्या तबेल्यात भरलेला पहिला वर्ग, खिडकीबाहेरच्या बाकावर बसून शिकलेल्या पहिल्या चार मुली, एका कायद्याने नऊ शाखा एकत्र आल्या ते वर्ष, सगळं होतं. एकशे बाराव्या पानावर मात्र त्यांची पेन्सिल अडली.

‘सदर वर्षी शासनाच्या आदेशाने सर्व शाखा बंद असल्याने परीक्षा झाल्या नाहीत.’

झाल्या नाहीत? बाईंनी ती परीक्षा स्वतः दिली होती! प्राध्यापकांना आवारात पाऊल टाकायची बंदी होती, म्हणून त्यांनी अकरा महिने बेकरीच्या माळ्यावर नाहीतर कुणाच्या गॅरेजात वर्ग घेतले. शेवटी बर्फाच्या कारखान्याच्या शेडमध्ये एकेचाळीस जणांनी पेपर लिहिले. बोटं इतकी गारठायची की गणिताचे सर दर अर्ध्या तासाने सगळ्यांना उभं करून हात चोळायला लावत. त्यापायी सरांना दोन वर्षं तुरुंग झाला. पुढे सरकार बदललं आणि विद्यापीठाने तेच पेपर मान्य करून पदव्या दिल्या. यातलं अक्षरही ग्रंथात नव्हतं.

बाईंनी ओळीवर लाल रेघ मारली. दुसऱ्या दिवशी कुलसचिवांचं बोलावणं आलं.

“बाई, तुमचं काम ऱ्हस्व-दीर्घ बघायचं.”

“तेच बघितलंय, साहेब. ‘झाल्या’च्या पुढे ‘नाहीत’ जास्तीचं पडलंय.”

कुलसचिवांच्या कपाळावर आठ्या चढल्या. “समारंभाला कोण येणार आहेत, ठाऊक आहे ना? बंदीचा आदेश त्यांच्या वडिलांनी काढला होता. जुनी मढी कशाला उकरता? सही करा.”

“नाही करणार.”

“शुक्रवारपर्यंत वेळ देतो. नाहीतर सही करायला दुसरं माणूस बसवीन.”

घरी आल्या तरी बाईंचा राग निवला नव्हता. त्यांची नणंद पूल बांधणारी इंजिनियर, आता निवृत्त. दोघींची ओळख त्याच शेडमधली. नातं नंतर जुळलं.

“वन्सं, आपण नापाससुद्धा नाही. आपण बसलोच नाही म्हणे परीक्षेला!”

नणंदेने हातातला कप ठेवला. “वहिनी, फोनची वही आण. बघू किती जण जिवंत आहेत ते.”

शुक्रवारी कुलसचिवांच्या दालनात एकोणीस म्हातारी माणसं शिरली. कुणी काठी टेकत, कुणी मुलीच्या आधाराने. प्रत्येकाच्या हातात पदवीचा कागद. नणंदेने आपला कागद टेबलावर ठेवला.

“परीक्षा झालीच नाही ना? मग ही पदवी परत घ्या. आणि नदीवरच्या दोन्ही पुलांची वाहतूक थांबवा. ते मी बांधलेत.”

मागून एक दंतवैद्य पुढे आले. “गेल्या महिन्यात तुमची दाढ मी काढली, साहेब. तीही परत बसवायची का?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. कुलसचिवांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “बरं, बरं. ती ओळच काढून टाकतो. मग तर झालं?”

“नाही झालं,” बाई म्हणाल्या. “ओळ गेली की ते वर्ष गेलं, आणि वर्षाबरोबर आमचे सर गेले. शेड लिहा, बंदी लिहा, सरांचा तुरुंग लिहा. एकेचाळीस नावं मी सांगते. तोवर आम्ही इथेच बसतो.”

आणि सगळे बसले. खुर्च्या पुरेनात, तेव्हा उरलेले जमिनीवर बसले. कार्यालय सुटायच्या वेळेला कुलसचिवांनी नवीन मजकुरावर सही केली. तिच्याखाली बाईंनी आपली केली आणि पान स्वतःच्या हाताने मशीनवर पोचवलं.

पाहुण्यांनी समारंभाला यायचं टाळलं. आठवड्याभरात बाईंची कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या गोदामात बदली झाली. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. बदलीचा कागद हातात देताना कुलसचिवांनी विचारलं, “आता पश्चात्ताप होतोय ना?”

“होतोय तर,” बाई म्हणाल्या. “सरांचा फोटो मागायचा राहिला. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी येते.”