गोठ्यावरचा दगडी वाघ

कुंडलचे सुभेदार आकाराम पलटणीतून निवृत्त होऊन शेती बघत होते. त्यांच्या मळ्यातल्या जुन्या गोठ्याच्या दारावर दगडात कोरलेलं वाघाचं तोंड होतं. बटबटीत डोळे, उघडा जबडा. जनावरांना नजर लागू नये म्हणून पणजोबांनी बसवलेलं. ट्रॅक्टर आत जाईना, म्हणून दार रुंद करायचं ठरलं. महेंद्र गवंडी बायकोला, नीलिमाला, हाताखाली घेऊन आला.

"वाघाला हात लावू नगंस बाबा," सुभेदारांची आई हरणाबाई म्हणाली.

"आजी, दगूड हाय त्यो." महेंद्र हसला. त्यानं पहारीनं दगड निम्मा बाहेर काढला आणि मागच्या फटीत हात घातला. कुकरची शिट्टी व्हावी तसा फुत्कार आला. तो शिडीवरनं कोसळलाच. मनगटावर रक्ताचे दोन ठिपके होते.

घोणस होती. पलूसला पहिली इंजेक्शनं दिली, तिथनं सांगलीला हलवलं. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. "आत्ताच काही सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

चौथ्या दिवशी नीलिमा कपडे न्यायला गावात आली. स्टँडवर दोघी बोलत होत्या, "वाघ कोपला. कुणीबी हात लावायचा व्हय?" त्यातलं 'कुणीबी' आपल्या जातीवर होतं, हे तिला बरोबर कळलं. ती थांबली नाही, मळ्यात गेली.

दगड तसाच लोंबत होता, त्यावर हळद-कुंकू. खाली हरणाबाई म्हशीला वैरण टाकत होती. वरनं चुन्याचा खपला पडला.

"आजी, भायेर या! पडंल त्यो!"

"न्हाई पडायचा. राखणदार हाय."

सुभेदार अंगणातनंच बोलले, "सर्पमित्र बघून गेला, काय घावलं न्हाई. पण एक गवंडी हात लावायला तयार न्हाई, पोरी." ते स्वतःही पुढं आले नाहीत.

नीलिमानं त्यांना म्हशी सोडायला लावल्या, आजींना बाहेर आणायला लावलं, आणि दोर घेऊन शिडी चढली. वाघ कोपतो हे तिला पटत नव्हतं. पण दोर मागनं ओवायला त्याच फटीत हात घालावा लागणार होता. तिनं आधी काठी फिरवली. डोळे मिटले. हात आत घातला. गार, ओलसर माती. काहीतरी बोटांना घासलं आणि तिचा श्वासच थांबला. मूळ होतं.

दोर आवळून ती उतरली. तिनं आणि सुभेदारांनी लांबनं ओढ घेतली. दगड धाडकन खाली आला, त्याच्यामागं निम्मी भिंत. हरणाबाई मघाशी उभी होती तिथं चार फुटांचा ढीग झाला. म्हातारी मटकन बसली.

सांगलीच्या एसटीत नीलिमाच्या मुठी उघडेनात. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली तिच्या ओठांना लावली.

महेंद्र तीन आठवड्यांनी घरी आला. आता तो पुन्हा थापी धरतो. नीलिमा मात्र अजून पिठाच्या डब्यात हात घालण्याआधी डबा दोनदा वाजवून बघते.