सुमैय्याच्या जागेवर

ओवेस खलाशी असलेली मालवाहू बोट तांबड्या समुद्रात लढणाऱ्या टोळीनं पकडली, तेव्हा त्याची बायको सुमैय्या दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या फ्लॅटमध्ये मासे साफ करत होती. सगळे खलाशी ओलीस आहेत, एवढंच फोनवर कळलं. दोन महिन्यांनी त्याचा पगार थांबला. मग रत्नागिरीच्या ओळखीनं हमदुल्लाभाईंनी तिला आपल्या वर्कशॉपमध्ये घेतलं. तिथं फायबरच्या होड्या बनत. लढाई इथवर येईल या भीतीनं दोन कारागीर गावी पळाले होते.

आधी ती झाडू मारायची. मग तिनं होड्या घासायचा ग्राइंडर हातात घेतला. फायबरच्या कुसांनी अंग खाजायचं, तरी सकाळी मास्क चढवताना तिला बरं वाटायचं. नवरा कैदेत आणि आपल्याला बरं वाटतंय, याची लाजही वाटायची.

चौदा महिन्यांनी ओवेस सुटून आला. दार आपटलं तरी दचकायचा. हमदुल्लाभाई खजूर घेऊन भेटायला आले.

"ओवेस, सोमवारपासून ये. सुमैय्याची जागा आता तुझी. बिचारीनं खूप काढलं. खलास, आता आराम कर म्हणावं."

ओवेसचे डोळे भरून आले. सुमैय्या तिथंच चहा ओतत होती. तिला कुणी विचारलं नाही.

ते गेल्यावर नववीतली लेक एमान म्हणाली, "ममा, सेम थिंग इन माय हिस्टरी बुक. वर्ल्ड वॉरमध्ये अमेरिकन विमेन फॅक्टरीत गेल्या. देन द मेन केम बॅक, अँड द विमेन वेअर सेंट होम."

"मग त्या काय बोलल्या?"

"बुक डझन्ट से."

सोमवारी ओवेस कामावर गेला. गुरुवारी दुपारीच दोघा कामगारांनी त्याला धरून घरी आणलं. ग्राइंडरच्या आवाजानं तो टेबलाखाली जाऊन बसला होता.

"मला नाही जमायचं," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

आठवडाभर वाट पाहून सुमैय्या वर्कशॉपमध्ये गेली. "भाई, मला परत घ्या."

हमदुल्लाभाईंनी नजर वळवली. "नवा माणूस ठेवला गं. आणि नवरा घरी असताना तुला राबवलं, तर लोक मला काय म्हणतील? इन्शाल्ला, बघू."

घरी ओवेसनं विचारलं, "काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

बाहेर ड्रिलनं रस्ता खोदत होते. तिनं खिडकी लावून घेतली आणि त्याचे हात धरून बसली.